ताईची वही पुस्तिकेत का नको?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या बचत गटाचा हिशेब आम्ही लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ठेवतो. हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं एवढंच नव्हे, त्याची घडण सर्वांना खुली असते, बदलताही येते.

गटातली एक ताई माहितीपुस्तिका पाहून बेरीज करायला बसली. बेरीज काही होईना. शेवटी कळलं, सूत्राआधी बरोबरचं चिन्ह राहिलं होतं. तिने ते वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. पुढे नव्या बायका पुस्तिका सोडून तिची वहीच मागू लागल्या.

मग ती वही पुस्तिकेत का जाऊ नये? लिब्रेऑफिसच्या पुस्तिका स्वयंसेवकच लिहितात. दुरुस्ती सुचवायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. जाणकाराच्या अंगवळणी पडलेली पायरी त्याला दिसत नाही. नवशिकीला दिसते, कारण ती तिथेच अडखळलेली असते. ‘कुणीही लिहिलं तर चुका होतील’ असं म्हणतात. पण सूचना तपासूनच घेता येते, जुना मजकूरही जपून ठेवता येतो.

२०१७ साली गिटहबने ओपन सोर्समधल्या लोकांची पाहणी केली. अपुरी किंवा जुनी झालेली माहिती ही अडचण आहे, असं ९३ टक्क्यांनी सांगितलं. तरी ६० टक्के लोक ती लिहायला क्वचितच हात लावतात किंवा लावतच नाहीत. आणि उत्तरं देणाऱ्यांत बायका किती? ३ टक्के!

इथे सावध राहायला हवं. समजावणं, निस्तरणं बायकांकडे आणि निर्णय पुरुषांकडे, हे आपण घरात पाहिलं, संघटनांतही पाहिलं. म्हणून नुसतं ‘या, लिहा’ पुरेसं नाही. लिहिणारीचं नाव लागलं पाहिजे आणि सॉफ्टवेअरमध्ये काय बदलायचं यातही तिला विचारलं पाहिजे. हे अशक्य नाही. ग्नोम प्रकल्पाने २००६ साली बायकांसाठी सुरू केलेल्या उपक्रमातून पुढे आउटरीची उभी राहिली. तिथे प्रोग्रामिंगप्रमाणे माहितीलेखनालाही मानधन मिळतं.

तेव्हा प्रत्येक गटाने महिनाभर एक वही ठेवावी. कोण कुठे अडली, कशी सुटली, तिच्याच शब्दांत लिहावं. मग एकत्र बसून ते पाठवू.

ताईला मी हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, “माझं नाव घालतील ना?”

हा प्रश्न आपण सगळ्यांनी विचारायचा आहे.