दहा माणसं आणि दोन न्यास

रेल्वेनं, एस.टी.नं, मिळेल त्या गाडीनं आलेल्या वकील व विश्वस्त मंडळींनो,

सिंदेवाहीत, धानाच्या या गावात, ज्यू प्रार्थनालयांचा विषय कुठून काढला, असं काल मंडपवाल्यानंही मला विचारलं. आपल्याकडे दोन देवस्थानं एक करायची ठरली की सभेत हात वर होतात, नारळ फुटतो आणि सगळ्यांना वाटतं, झालं. कागदावर मात्र न्यास दोनच राहतात. सातबारा वेगळा, बँकखातं वेगळं, भांडणही वेगळं.

बेने इस्राएल या ज्यू समाजाकडे पाहिलं की ही गोष्ट लख्ख कळते. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले हे मराठी बोलणारे लोक. आडनावंही दिवेकर, पेणकर, किहीमकर. सामुएल एझेकिएल दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत शआर हारहमीम हे प्रार्थनालय उभारलं. पुढच्या शतकात शआरे रासोन निघालं आणि लोक या दोन प्रार्थनालयांना 'जुनी मशीद', 'नवी मशीद' म्हणू लागले. 1948 नंतर कुटुंबं इस्रायलला जाऊ लागली. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. तेवढे जमेनात, तर शेजारच्या प्रार्थनालयात सामील व्हायचं का?

माणसं सामील होतील. मालमत्ता होत नाही. 1950 च्या आपल्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या व्याख्येत देऊळ, मठ, चर्च, अग्यारी यांच्या जोडीला सिनॅगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनालयही आहे. कलम 50-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्त चौकशी करून, विश्वस्तांचं ऐकून, दोन न्यासांसाठी एक योजना आखू शकतात. तोवर तुमचा ठराव म्हणजे नुसती इच्छा. योजना झाली तरी रिकामी पडलेली जागा विकायला कलम 36 ची मंजुरी लागतेच. तिथं घाई करणारे विश्वस्त मी पाहिलेत, आणि पुढं कोर्टात चपला झिजवतानाही पाहिलेत.

खरी गाठ रीतीभातीची. पुण्यात डेव्हिड ससून या बगदादी ज्यू दात्याच्या पैशानं उभं राहिलेलं ओहेल डेव्हिड, म्हणजे आपलं लाल देऊळ; आणि रास्ता पेठेत बेने इस्राएलांचं सुक्कथ श्लोमो. शहर एक, धर्म एक, घडण वेगळी. अशी दोन घरं जोडायची, तर प्रार्थना कोणाच्या वळणाची, मतदार कोण, दात्याची अट कुठवर पाळायची, हे योजनेतच लिहावं लागेल. सरकारचा हातही मोकळा नाही. रतिलाल गांधी खटल्यात 1954 साली सर्वोच्च न्यायालयानं, धार्मिक न्यासाचा पैसा मूळ हेतू शक्य असताना दुसरीकडे वळवू देणारी तरतूद रद्द केली. तो खटला जैन आणि पारशी न्यासांचा. लाभ मात्र सगळ्यांना, आपल्या मारुतीच्या देवळालासुद्धा.

दुपारी भात आणि लाखोरीची डाळ आहे, पोटभर जेवा. शेवटचं सत्र साडेचारलाच संपवू. मोटारसायकलवाल्यांनी अंधार पडायच्या आत, दोघं-तिघं मिळून निघावं. जंगलातल्या रस्त्यावर वाघ आहे.