शिवणीतली माया

सुरुवात शिंप्याच्या दुकानातून करू.

लग्नसराई तोंडावर आली की तिथे एक संवाद हमखास कानावर पडतो. "मास्टर, ब्लाउज घट्टच शिवा हं, तोवर मी बारीक होणारच आहे." मास्टर मान डोलावतात आणि वहीत टेपनं दाखवलेलंच माप लिहितात. वर बाजूच्या शिवणीत दोन बोटं जादा कापड दुमडून ठेवतात. या जादा कापडाला शिवणकामात 'माया' म्हणतात.

तयार कपड्यांत ही माया बहुधा नसते. एका दुकानात 'एल' दंडाला अडकतो, शेजारच्या दुकानात 'एम' बिनबोभाट बसतो. मधल्या अर्ध्या तासात ट्रायल रूममधल्या बाईनं कपड्याला नव्हे, स्वतःच्या दंडांना नावं ठेवलेली असतात. खरं तर भारतीय शरीरं मोजून बेतलेला साइझचा तक्ता आपल्याकडे नव्हताच. अमेरिकी आणि ब्रिटिश तक्त्यांवरच काम भागवलं जाई. म्हणूनच निफ्ट या संस्थेनं मुंबईसह सहा शहरांत २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं स्कॅनरनं घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. चूक तक्त्याची होती. बोलणी शरीरानं खाल्ली.

वजनाच्या आकड्याचंही असंच झालं. उंचीच्या वर्गानं वजनाला भागण्याचं सूत्र मांडणारे आदोल्फ केतले हे बेल्जियमचे खगोल आणि संख्याशास्त्रज्ञ. १८३०च्या दशकात ते 'सरासरी माणूस' शोधत होते. कुणाला डाएटवर बसवणं त्यांच्या गावीही नव्हतं. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ॲन्सेल कीज यांनी त्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' म्हणजे बीएमआय हे नाव दिलं, तेही फक्त पुरुषांच्या मापांवरून आणि समूहांच्या अभ्यासासाठी. आज तोच आकडा जिममध्ये एकेकट्या माणसाला निकालपत्रासारखा हातात मिळतो.

या निकालपत्रात किती मावत नाही, हे पुण्याच्या एका डॉक्टरांनी स्वतःवरूनच दाखवून दिलं. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपला जोडफोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. भारतीय माणूस सडपातळ दिसूनही आतून चरबी बाळगून असू शकतो. म्हणजे 'बारीक आहे, तब्येत उत्तम' हा कौतुकाचा शेरा आणि 'सुटलीये, आजारीच पडणार' हा टोमणा, दोन्ही नुसत्या डोळ्यांनी केलेली निदानं. रक्तातली साखर आरशात दिसत नाही.

मग आरशात दिसतं ते कुठून येतं? फिजी बेटांवरचं उदाहरण बोलकं आहे. तिथे भरल्या अंगाचं कौतुक असे. पोरगी वाळली की घरच्यांना घोर लागे, आपल्याकडे आजीला लागतो तसाच. १९९५ मध्ये नाद्रोगा भागात टीव्ही पोचला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याशी नातं बिघडल्याची लक्षणं दाखवणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन ताब्यात ठेवायला मुद्दाम उलटी काढणारी पहिल्या वेळी एकही नव्हती. तीन वर्षांनी त्यांचं प्रमाण ११.३ टक्के होतं. मुलींची शरीरं तशीच होती, पाहणारी नजर पडद्यावरून आली होती.

आपल्याकडे टीव्ही घरोघरी पोचायच्या आधीच ही नजर होती. 'निमगोरी' हा शब्द वधू-वरांच्या जाहिरातींनी रुळवला. पूर्ण गोरी नाही, याची माफी मागणारा. 'फेअर अँड लव्हली' ही गोरेपणाची क्रीम १९७५ मध्ये आली आणि तिच्या नावातलं 'फेअर' जायला २०२० उजाडलं. घरातलं बोलणं बदलायला मात्र कंपनीच्या ठरावाची गरज नाही. दोन वर्षांनी भेटलेली आत्या उंबऱ्यातच "किती सुटलीस गं!" म्हणते, तेव्हा तिला विचारायचं असतं, "कशी आहेस?"

नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त विद्यापीठात जेसिका अलेवा यांनी एक साधा प्रयोग केला. शरीराविषयी नाराज असलेल्या तरुणींनी ते कसं दिसतं हे नव्हे, तर ते काय काय करतं हे लिहायचं. तीन बैठका, प्रत्येकी १५ मिनिटांची. लिहिणाऱ्यांची नाराजी कमी झालेली आढळली. पर्वतीच्या पायऱ्या चढणारे गुडघे, पहाटे डब्याच्या पोळ्या लाटणारे दंड, रडतं मूल निजवणारा खांदा: अशी यादी कुणालाही करता येईल. मात्र जेवण चुकवणं, उलट्या काढणं, आरसा टाळण्यासाठी घराबाहेर न पडणं इथवर गोष्ट गेली, तर ते नखरे नव्हेत. तिथे वही पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञ लागतो.

लग्नाच्या चार दिवस आधी ती बाई ब्लाउज घेऊन परत दुकानात येते. बाही चढत नाहीये. ती ओशाळून काही सांगू लागते, तोवर मास्टरांनी ब्लाउज उलटा करून शिवण चाचपलेली असते. "आहे की माया, ताई. दहा मिनिटं बसा," म्हणत ते ब्लेडनं टाके उसवू लागतात.