कंबरेचे पासबुक

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीतील भाषण)



माझी नोकरी बँकेत झाली, पण पदवी भौतिकशास्त्राची. म्हणून आज कंबरेच्या दुखण्याकडे थोडे त्या नजरेने पाहू.

सकाळी उठल्यावर आपण जेवढे उंच असतो तेवढे रात्री राहत नाही. साधारण एक टक्का, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर उंची घटते आणि त्यातली जवळजवळ निम्मी पहिल्या तासातच जाते. मणक्यांमधल्या गाद्यांत पाणी असते. दिवसभर भार पडला की ते हळूहळू बाहेर जाते, रात्री आडवे झालो की परत आत येते. दिवसा विड्रॉल, रात्री डिपॉझिट!

नुसती लोखंडी स्प्रिंग असे वागत नाही. ती भार पडताच दबते, काढताच उसळते. गाद्या, स्नायुबंध, कातडी या मऊ ऊतींना मात्र वेळ लागतो. आपल्या लॉबीच्या दाराला डोअर क्लोजर आहे ना, त्यात स्प्रिंग दार ओढते आणि तेल त्याला घाई करू देत नाही. शास्त्रज्ञ ऊतींचे गणित असेच मांडतात: एक स्प्रिंग, एक तेलातला दट्ट्या. दोन्ही एकापुढे एक जोडले तर मॅक्सवेलचे मॉडेल. ताणून धरलेल्या ऊतीतला ताण हळूहळू का उतरतो ते त्यातून कळते. शेजारी-शेजारी जोडले तर केल्व्हिन-व्हॉइटचे. भाराखाली गादी सावकाश का दबत जाते ते त्यातून कळते.

पण खरी ऊती याहून अवघड. जास्त ताणली की ती जास्त ताठ होते. हे गणितात बसवले वाय. सी. फंग यांनी. जन्म चीनमधला, अमेरिकेत विमानांच्या रचनेवर काम केले आणि १९६६ मध्ये सॅन दिएगोच्या विद्यापीठात जाऊन शरीराच्या ऊतींकडे वळले. त्यांच्या गणिताचे सार असे की, ऊतीतला आत्ताचा ताण आधीच्या सगळ्या ओढाताणीवर ठरतो; ताजी जास्त मोजली जाते, जुनी कमी. कर्ज देताना आम्हीही आजची शिल्लक पाहून थांबत नसू, मागचे व्यवहार तपासत असू. तसेच हे.

आता मुद्द्याचे. सकाळी गाद्या पाण्याने फुगलेल्या असतात, त्यामुळे तेव्हा वाकले की त्यांच्यावर दिवसातल्या इतर वेळेपेक्षा जास्त ताण येतो. १९९८ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या कंबरदुखीच्या लोकांना पहाटे-सकाळी वाकणे टाळायला शिकवले, तर त्यांचे दुखणे कमी झाले.

आणि आपल्याकडे काय? पाणी सहाला सोडतात. अंथरुणातून उठायचे ते थेट बादलीवर वाकायचे! वरच्या मजल्यांवर एकेकटे राहणारे कितीतरी जण सत्तरीपुढचे आहेत. कमिटीला माझी विनंती आहे, की पाण्याची वेळ साडेसात करण्याचा विषय येत्या सर्वसाधारण सभेत घ्यावा. तोवर बादली स्टुलावर ठेवून भरा, पूर्ण भरू नका. व्यायामात झटके देऊ नका. सावकाश ताणा, वीस आकडे मोजा, मग सोडा. डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐका.

रौप्यमहोत्सवात इमारतीला रंग लागतो आहे, त्याचा आनंदच आहे. आतल्या माणसांच्या कंबराही सांभाळू या.