विरारच्या पुढची गाडी



या व्यासपीठावर आमच्या आधी मोठी विद्वान मंडळी बोलून गेली. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले आणि उरलेले विरार-डहाणू शटलमध्ये. तेव्हा विषयही गाडीचाच घेतला आहे. तो आपण रोज पायाखाली घालतो, म्हणूनच बहुधा त्याचा विचार करीत नाही.

आपल्या बाजूच्या स्टेशनांची नावे पाहा. केळवे रोड, डहाणू रोड. यातला 'रोड' हा शब्द आपण कधी मनावर घेतला आहे काय? त्याचा सरळ अर्थ असा की, गाव येथे नाही. गावाला जाणारा रस्ता तेवढा येथे आहे. गाव राहिले समुद्राकाठी आणि गाडी गेली आतून. खाड्यांची रुंद मुखे टाळायची तर रूळ आतूनच न्यावे लागणार, हे कोणीही नकाशा पाहून सांगेल. परंतु दुसरेही कारण आहे. गाडी या गावांसाठी नव्हतीच.

बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया ही कंपनी १८५५ साली स्थापन झाली. तिने आरंभ केला तो मुंबईकडून नव्हे, तर सुरतेकडून. अंकलेश्वर-उत्राण हा पहिला तुकडा १८६० साली सुरू झाला आणि २८ नोव्हेंबर १८६४ रोजी रूळ ग्रँट रोडला येऊन भिडले. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता, आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तो कापूस मुंबई बंदराला पोचावा, हा या लोहमार्गाचा मोठा हेतू. पालघर आणि बोईसर ही वाटेत लागली, इतकेच.

पण वाटेत लागल्यानेसुद्धा केवढी उलथापालथ झाली! आपल्या तालुक्याचे नाव पूर्वी माहीम होते. कचेरी माहीमला, बाजार माहीमला. स्टेशन पालघरला झाले आणि हळूहळू कचेरीही स्टेशनापाठोपाठ आली, तालुक्याचे नावही बदलले. म्हणूनच १४ ऑगस्ट १९४२ रोजी किनाऱ्यावरच्या गावांतून निघालेले लोक पालघरच्या कचेरीवर चालून आले आणि येथेच पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. तारापूरचेही तसेच. किल्ला तारापूरला, जुनी पेठ तारापूर-चिंचणीला. आणि आज गर्दी पाहायची तर बोईसरला.

येथून मुंबईला काय गेले? सातपाटीची मासळी, केळवे-माहीमची पाने, डहाणूचे चिकू. त्याहून जुना माल म्हणजे जंगलातला लाकूडफाटा आणि गवत. ते गवत कापणाऱ्या वारली मजुरांनी १९४५ साली किसान सभेच्या लाल बावट्याखाली पाचशे पौंडांमागे अडीच रुपये दर मागितला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या लढ्याचे पुढारी होते. इतिहासाच्या पुस्तकांत तो लढा जमिनीचा आणि वेठीचा म्हणून येतो, आणि ते बरोबरच आहे. आम्हाला मात्र एवढे जोडावेसे वाटते की, माल गाडीने मुंबईला जात होता आणि मजुरीचा दर मात्र जंगलातला होता.

आता विजेच्या गाडीकडे येऊ. कुलाबा ते बोरिवली १९२८ साली विजेची गाडी धावली, १९३६ साली ती विरारपर्यंत आली. आणि विरारला जी थांबली ती थांबलीच! पुष्कळांचा समज असा की, केवळ सरकारची अनास्था आड आली. अनास्था होतीच; पण एक यांत्रिक अडचणही होती, ती समजून घेण्यासारखी आहे. मुंबईच्या तारांत दीड हजार व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. विरारच्या उत्तरेला पुढे जेव्हा तारा पडल्या, तेव्हा त्यांत पंचवीस हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडला गेला. म्हणजे एकाच लोहमार्गावर दोन जातींची वीज, आणि शीव विरारला. मेलगाड्यांकरिता दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आणली गेली. लोकलला ती शीव ओलांडता येईना. २०१२ च्या फेब्रुवारीत चर्चगेट ते विरार सगळा प्रवाह बदलून झाला आणि १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल डहाणू रोडला आली. १९३६ पासून मोजले तर विरार ते डहाणू हे साठेक किलोमीटर अंतर कापायला लोकलला सत्त्याहत्तर वर्षे लागली.

मेलगाडीसाठी तोड लवकर निघते आणि मजुराच्या गाडीसाठी उशिरा, याचा अर्थ ज्याने त्याने काढावा.

दरम्यान बोईसरला काय घडले ते आपण जाणता. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली. कापड, रसायने, औषधे, पोलाद. सफाळ्यापासून वाणगावपर्यंतची पोरे पाळीला येऊ लागली. आम्हीही त्यांतलेच. सकाळची पाळी सातची. शटल वेळेवर आली तर स्टेशनातून धावतपळत फाटक गाठायचे. पण मागून एखादी लांब पल्ल्याची गाडी येत असेल तर शटल बाजूच्या रुळावर उभी. आम्ही खिडकीतून ती भरधाव जाणारी गाडी पाहायचो. तिच्यातले प्रवासी झोपलेले असत, आणि इकडे आमचा अर्धा रोज चालला असे! आमच्या कारखान्यात दहा मिनिटांच्या उशिराला अर्ध्या दिवसाचा पगार कापीत. एकदा एका महिन्यात आमचे असे चार अर्धे दिवस गेले. टाइमकीपर भला माणूस होता, तो म्हणाला, "गाडी तुमची, घड्याळ आमचे." युनियनचे काम करावे असे आम्हाला वाटू लागले ते त्या महिन्यात. पगारवाढीची मागणी आम्ही नंतर शिकलो. पहिली मागणी होती, गाडी उशिरा आल्याचा स्टेशनमास्तरचा दाखला मान्य करावा. ती मान्य व्हायला दोन वर्षे लागली.

कामगाराचा कामाचा दिवस कोठे सुरू होतो, हा खरा प्रश्न आहे. फाटकाशी, की घराच्या उंबऱ्याशी? या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा १९५८ सालचा एक निकाल आम्ही पुन्हा पुन्हा वाचला आहे. सौराष्ट्रातल्या मिठागराचे मजूर काम आटोपून परतताना खाडीत होडी उलटून बुडाले. न्यायालय म्हणाले, होडीत बसले तेव्हा ते कामावर नव्हते. मालकावर भरपाईची जबाबदारी नाही. पुढे २०१० साली कामगार राज्य विम्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि घर ते काम या वाटेवरचा अपघात, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरण्याची तरतूद आली. मध्ये बावन्न वर्षे गेली. विमा न काढलेला कंत्राटी मजूर गाडीतून पडला, तर मात्र आजही त्याची बायको कागद गोळा करीत आमच्याकडे येते.

आणि खाडीचेच बोलायचे तर वाढीव हे बेट विसरता येत नाही. वैतरणेच्या पात्रातले हे गाव, दोहों बाजूंना रेल्वेचे पूल. शेकडो गाड्या त्यांवरून धडधडत जातात. वाढीवच्या माणसाने मात्र स्टेशन गाठण्यासाठी त्याच पुलाच्या कडेने, गाडीचा कानोसा घेत चालायचे. आम्ही एकदा त्या वाटेने गेलो आहो. बरोबरची बाई डोक्यावर पाटी घेऊन पुढे चालत होती, आणि आम्ही कठड्याला धरून मागे.

२०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. जिल्ह्याच्या गावाला आता लोकल आहे; पण विरार-डहाणू दरम्यान मार्ग दोनच. मेल, मालगाडी आणि लोकल यांनी त्यांतच मावायचे. तिसऱ्या-चौथ्या मार्गाला २०१६ साली मंजुरी मिळाली, काम चालू आहे, अद्याप पुरे झालेले नाही. बोईसरजवळ बुलेट ट्रेनचे स्टेशन होत आहे. आमचा तिला विरोध आहे असे कोणी समजू नये. आम्ही एवढेच विचारतो की, चौपदरी मार्ग झाल्यावर मोकळी होणारी वेळ कोणाला मिळणार? सकाळच्या सातच्या पाळीआधी आणि रात्री अकराच्या पाळीनंतर पुरेशा लोकल असाव्यात, ही मागणी आजच लेखी गेली पाहिजे. वेळापत्रक एकदा छापले गेले की ते बदलायला फार चपला झिजतात.

बाहेर टेबलावर निवेदन ठेवले आहे. प्रश्नांसाठी थोडा वेळ आहे. ज्यांना विरारची गाडी गाठायची आहे त्यांनी आधी विचारावे. पालघरकरांनी थोडे थांबावे.