शाळेचे दप्तर आणि त्याची दुसरी प्रत
(उपनगरांतील मुख्याध्यापकांच्या सहविचार सभेत दिलेले भाषण)



शाळेच्या कपाटातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे विचारल्यास मी जनरल रजिस्टरचे नाव घेईन. मुलाची जन्मतारीख, जन्मस्थळ, जात आणि शाळाप्रवेशाचा दिनांक त्यात असतो. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. इतर मागासवर्गाच्या जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. म्हणून आजोबांच्या नोंदीसाठी नातू घाटकोपरच्या वा मुलुंडच्या शाळेचा उंबरठा चढतो. ते पानच नसेल, तर आपण त्याला काय उत्तर देणार?

कागदाचे वैरी दोन : पाणी आणि आग. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उपनगरांच्या सखल भागांतील तळमजले पाण्याखाली गेले. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास आग लागून असंख्य कागदपत्रे भस्मसात झाली. आता पुष्कळ शाळांनी रजिस्टरांच्या पानांच्या प्रतिमा संगणकावर घेतल्या आहेत. हे स्तुत्यच होय. परंतु संगणकाची चकती एखाद्या दिवशी अकस्मात बंद पडते, आणि खंडणीखोर विषाणू शिरल्यास सर्व फाइली कुलूपबंद होतात.

अशा वेळी एकदाच लिहिता येणारी तबकडी, म्हणजे सीडी-आर किंवा डीव्हीडी-आर, उपयोगी पडते. तीत लेसर किरणाने रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटतात. पाटीवरचे अक्षर पुसून पुन्हा लिहिता येते, शाईचे येत नाही. तद्वत् ही नोंद मागाहून बदलता येत नाही. सीडीत सुमारे ७०० मेगाबाइट, तर डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट मजकूर मावतो. एका पानास एक मेगाबाइट धरल्यास एका डीव्हीडीत चार हजारांवर पाने बसतात. नव्या संगणकांत तबकडीचा खण बहुधा नसतो. बाहेरून जोडावयाचा मिळतो.

लिनक्स प्रणालीवर, किंवा सी-डॅकने घडविलेल्या बॉस या तिच्या भारतीय आवृत्तीवर, हे काम आज्ञा टंकित करून होते. खिडक्यांत बोट दाखवून काम करणे सोपे वाटते खरे. पण काय केले ते मागे उरत नाही. आज्ञा मात्र एकदा वहीत उतरविली की बदलून आलेला शिक्षकही ती जशीच्या तशी देऊ शकतो. आज्ञा रोमन अक्षरांत असतात. येथे उच्चार सांगतो.

प्रथम सर्व प्रतिमा एका फोल्डरात ठेवाव्यात. ‘शा-२५६-सम’ या आज्ञेने प्रत्येक फाइलीचा चौसष्ट अक्षरांचा ठसा काढावा आणि ती यादी त्याच फोल्डरात ठेवावी. फाइलीतील एक बिंदू बदलला तरी ठसा बदलतो. दुसरे, ‘जेन-आयसो-इमेज’ने फोल्डराची एकसंध प्रतिमा-फाइल बनवावी. तिसरे, ती सीडीवर ‘वोडिम’ने आणि डीव्हीडीवर ‘ग्रो-आयसो-एफएस’ने लिहावी, वेग मध्यम ठेवावा.

येथेच पुष्कळांचे काम संपते, आणि येथेच ते संपू नये. तबकडी बाहेर काढून पुन्हा आत घालावी आणि ‘शा-२५६-सम’ला ‘उणे-सी’ जोडून यादीशी ताडून पाहावी. प्रत्येक नावापुढे ‘ओके’ आले तरच प्रत झाली असे समजावे. वाचून न पाहिलेली प्रत म्हणजे न तपासलेली उत्तरपत्रिका होय.

अशा दोन तबकड्या कराव्यात. एक शाळेच्या कपाटात कुलुपाखाली, दुसरी दूरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ठेवावी. नाव मऊ टोकाच्या पेनने वरच्या बाजूस लिहावे. चिकटपट्टी लावू नये. आपल्या दमट हवेत तबकडीही अमर नाही. म्हणून दरवर्षी मे महिन्यात, पावसापूर्वी, जुन्या तबकड्या पुन्हा ताडून पाहाव्यात आणि एकही चूक दिसल्यास नवी प्रत काढावी. मूळ रजिस्टर मात्र कदापि टाकून देऊ नये.

दाखला मागावयास येणाऱ्याची ओळख आपल्या हाती आहे. ती दोन ठिकाणी सुरक्षित राहो, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.