घाटाला दार नसते
(हीरक महोत्सवाच्या सांगता समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा संकेत आहे. तो आढावा अहवालात आलाच आहे. आज मी आपल्या अनुमतीने माझ्याच एका निर्णयाविषयी बोलणार आहे.

माजी विद्यार्थ्यांना इयत्ता आठवीची महेश्वरची सहल आठवत असेल. घाटाच्या पायऱ्यांवर डबे उघडायचे, गुडघाभर पाण्यात उतरायचे आणि नावेतून किल्ला पाहायचा, हा तिचा ठरलेला क्रम होता. सहा वर्षांपूर्वी ती सहल मी बंद केली. आपल्याकडे कोणतीही दुर्घटना घडली नव्हती. परंतु मुले बुडाल्याच्या बातम्या येत होत्या, काही पालक काळजीत होते आणि उद्या काही घडले तर उत्तर कोण देणार, या प्रश्नाला मी घाबरले. सूचनाफलकावर दोन ओळी लिहिल्या आणि सहल जलक्रीडा उद्यानात नेली. तिथे तिकीट होते, वेळ ठरलेली होती आणि पाण्याची खोलीही ठरलेली होती.

यंदा आठवीच्या वर्गात मी सहज विचारले, ‘नर्मदेच्या पाण्यात कोणी पाय बुडवले आहेत?’ मोजके हात वर आले. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, नर्मदा तर आमच्या नळाला येते.’ तिचे उत्तर चुकीचे नव्हते. सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून ते पाणी इंदूरला येते. नदी आपल्या घरापर्यंत येते, आपण मात्र तिच्यापर्यंत जात नाही. त्या दिवशी मला माझ्या दोन ओळींची किंमत कळली.

महेश्वरचा घाट आठवा. अहिल्याबाईंनी खासगीच्या उत्पन्नातून महेश्वरला आणि दूर काशीलाही घाट बांधले. त्या पायऱ्यांना दार नाही. तिथे स्नान करणारा, कपडे धुणारा, पोहणारा आणि नुसताच बसून राहणारा, सर्वांना सारखीच जागा आहे. नर्मदेच्या परिक्रमेची परंपराही याच विश्वासावर उभी आहे. १,३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीचे दोन्ही तीर पायी चालणाऱ्याला शेतांच्या बांधांवरून वाट मिळते, ती तीरावरून जाणारा परका नाही, या भावनेमुळे.

हा विचार केवळ आपल्याच भूमीतला नाही. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथात वाहते पाणी सर्वांचे मानले आहे. काठाची जमीन खासगी मालकीची असली, तरी तिथे नाव लावण्याचा, झाडाला दोर बांधण्याचा अधिकार सर्वांना दिला आहे. मालकी निराळी आणि वापराचा अधिकार निराळा, हा त्यातला मर्म आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये हेच तत्त्व भारतीय कायद्यात स्पष्टपणे आणले. मनालीच्या परिसरात बियास नदीचा प्रवाह वळवून काठावर एक विश्रामस्थळ विस्तारले होते. न्यायालयाने त्या जमिनीचा भाडेपट्टा रद्द केला आणि सांगितले की, नद्या, वने, किनारे यांचे शासन हे विश्वस्त आहे. जनतेच्या उपभोगासाठी असलेली ही संपत्ती खासगी लाभासाठी देऊन टाकता येत नाही.

तथापि, अधिकार केवळ कुंपणानेच जातो असे नाही; तो न वापरल्यानेही जातो. आपले इंदूर कान्ह आणि सरस्वती या नद्यांच्या काठी वाढले. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या कान्हच्या काठीच उभ्या आहेत. या नदीत आपण पोहलो, असे सांगणारी वडीलधारी मंडळी मी ऐकली आहेत. पुढे शहराचे सांडपाणी तिच्यात येऊ लागले, लोक काठावरून उठले आणि लोक उठल्यावर तक्रार करणारेही कोणी उरले नाही. अखेर २०१६ च्या सिंहस्थापूर्वी कान्हचे पाणी उज्जैनच्या स्नानघाटांवर जाऊ नये, म्हणून ते बंद नळातून वळवण्याची वेळ आली. ज्या पाण्यात मुले खेळतात, त्या पाण्यात घाण सोडताना समाजाचा हात थोडा तरी कचरतो.

आता भीतीविषयी. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अमावास्येच्या मेळ्यासाठी लोक नर्मदेत उतरले असताना वरच्या इंदिरासागर धरणातून सोडलेले पाणी आले आणि ६० हून अधिक भाविकांचा बळी गेला. यातून नदीकाठ बंद करावा, हा बोध मी घेत नाही. ज्यांच्या हाती पाण्याचे दरवाजे आहेत, त्यांनी आधी इशारा द्यावा, आणि ज्यांच्या हाती मुले आहेत, त्यांनी त्यांना पोहायला शिकवावे, हा तो बोध आहे. फलक लावून हात झटकणे सोपे असते. मी तेच केले होते.

म्हणून येत्या नर्मदा जयंतीची गर्दी ओसरल्यावर आठवीची सहल पुन्हा महेश्वरला जाईल. त्याआधी मुलांना तरणतलावावर पोहण्याचे प्राथमिक शिक्षण मिळेल. धरणातून पाणी सोडण्याविषयी प्रशासनाकडे चौकशी केल्याविना बस निघणार नाही. प्रत्येक मुलाच्या अंगात तरंगजाकीट असेल आणि सोबत घाटावरचे अनुभवी नावाडी असतील. पट्टीच्या पोहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी त्या दिवशी पाण्यात उभे राहावे, अशी माझी विनंती आहे. जे पालक संमती देणार नाहीत, त्यांच्याविषयी माझ्या मनात किंतु नसेल. त्यांच्या जागी मीही होते.

येताना मुले घाटावरचा कचरा वेचतील. ज्याच्यावर आपला अधिकार आहे, त्याची काळजीही आपणच घ्यायची असते, एवढे त्यांना एका दिवसात कळले, तरी सहल सार्थकी लागली असे मी मानीन.

नर्मदे हर!