शेवटच्या प्रवासाची मोटार

मोटारगाडीचें सारें महत्त्व तिच्या गतींत आहे. जी मोटार चालत नाहीं ती अडगळ, असें व्यवहार सांगतो. परंतु पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशाच्या किनाऱ्यावर गेलीं कित्येक दशकें अशा मोटारी तयार होत आहेत कीं, ज्यांना यंत्र नाहीं, ज्यांचीं चाकें फिरत नाहींत, आणि ज्या तयार झाल्यावर थोड्याच दिवसांत जमिनींत पुरल्या जातात. त्या लांकडाच्या असतात. त्यांत प्रवासी एकच असतो आणि तो परत येत नाहीं. या मोटारी म्हणजे शवपेट्या होत.

घानाची राजधानी अक्रा. तिच्या पूर्वेस समुद्रकांठीं तेशी ही वस्ती आहे. हा मुलूख गा जमातीचा. मासेमारी हा तिचा जुना धंदा. याच तेशींत केन क्वे नांवाचा सुतार होऊन गेला. त्याच्याविषयीं अशी हकीकत सांगतात कीं, एका नायकासाठीं कोकोच्या शेंगेच्या आकाराची पालखी तयार होत होती. परंतु मिरवणुकीचा दिवस उजाडण्यापूर्वींच नायक मरण पावला, आणि त्या पालखीचीच शवपेटी झाली. पुढें १९५१ मध्यें केन क्वेची आजी वारली. आकाशांतून जाणारीं विमानें पाहण्याचा तिला मोठा छंद; विमानांत बसण्याचा योग मात्र तिला आयुष्यांत कधींच आला नाहीं. नातवानें तिच्यासाठीं विमानाच्या आकाराची पेटी केली. लोकांनीं ती पाहिली आणि तशा पेट्यांना मागणी येऊं लागली.

हकीकत गोड आहे. परंतु तेवढ्यावर थांबून चालणार नाहीं. रेगुला चुमी या स्विस संशोधिकेनें असें दाखवून दिलें आहे कीं, या कलेचें मूळ एकाच माणसाच्या कल्पनेंत नसून गा नायकांच्या पालख्यांत आहे. आपापल्या कुलचिन्हांच्या आकाराच्या पालख्यांत बसून हे नायक मिरवीत. तेव्हां मरणानंतर त्यांना तशाच आकाराच्या पेटींत निजविणें हें ओघानेंच आलें. अताआ ओको नांवाचा दुसरा एक सुतारहि १९४५ च्या सुमारास अशा पेट्या करीत होता. मग केन क्वेसारख्यांनीं केलें तरी काय? जो मान नायकांचा होता तो त्यांनीं कोळ्याला, शेतकऱ्याला आणि मोटार हांकणाऱ्याला मिळवून दिला. हें कांहीं थोडें नव्हे.

या पेट्यांना गा भाषेंत जें नांव आहे त्याचा अर्थ 'म्हणींच्या पेट्या' असा होतो. म्हण जशी थोडक्यांत पुष्कळ सांगते, तशी ही पेटी निजलेल्या माणसाचें आयुष्य एका आकारांत सांगते. कोळ्याला मासा, कांदे पिकविणाऱ्याला कांदा, कोकोच्या बागाइतदाराला कोकोची शेंग. टॅक्सीवर पोट भरणाऱ्याला टॅक्सी, आणि ज्यानें पैसा व प्रतिष्ठा मिळविली त्याला मर्सिडीस-बेंझ.

मोटारीची पेटी म्हणजे सुताराची कसोटीच. माशाचा एखादा पर इकडेतिकडे झाला तरी खपून जातें. मर्सिडीसची पुढची जाळी आणि तिच्यावरील तीन टोकांची चांदणी मात्र लहान मुलांनाहि पाठ असते. खऱ्या मोटारीची लांबी निम्म्याच्या आसपास आणावयाची, तरी आंत माणसाचा देह सरळ निजला पाहिजे, आणि बाहेरून तर मोटार मोटारच दिसली पाहिजे! यासाठीं वावा नांवाचें हलकें, मऊ लांकूड वापरतात. फळ्या सरसानें व खिळ्यांनीं जोडावयाच्या, वाकस आणि पटाशी यांनीं त्यांना गोलाई आणावयाची, सांधे लांबीनें भरावयाचे, काचकागदानें घांसावयाचे, आणि मग चकचकीत रंग द्यावयाचा. वरचा भाग झांकण म्हणून उचलतां येतो. आंत कापडाचें अस्तर असतें. या कामांत कित्येक आठवडे जातात, आणि तें लोकांच्या दृष्टीस पडतें तें अंत्ययात्रेच्या दिवशीं.

श्रोत्यांच्या मनांत येथें एक शंका येईल. जें मातींत जावयाचें त्यासाठीं एवढा खर्च कां? ही शंका घानांतील विचारी माणसांनाहि येते. एका पेटीला सामान्य माणसाची कित्येक महिन्यांची कमाई लागते, आणि अंत्यविधीच्या थाटामाटापायीं कुटुंबें कर्जांत बुडतात. अनेक चर्चांनाहि अशा पेट्या मान्य नाहींत; बायबलच्या आकाराची पेटी तेवढी चालते. परंतु गा लोकांची श्रद्धा अशी कीं, मरणानें माणसाचा व्यवसाय संपत नाहीं. परलोकींहि तो चालूच राहतो, आणि गेलेल्यांची सत्ता मागें राहिलेल्यांवर चालते. तेव्हां त्यांचा योग्य मान राखणें हें जिवंतांचें ऋण ठरतें. श्रद्धा व संसार यांची ही ओढाताण केवळ बाहेरून पाहणाऱ्यानें सोडवावी अशी नाहीं.

निर्जीव मोटारीचें दुसरें टोक अमेरिकेंत सांपडतें. १९७० मध्यें वोल्फ फोस्टेल या जर्मन कलावंतानें शिकागोंत १९५७ च्या बनावटीची एक कॅडिलॅक काँक्रीटमध्यें गाडून टाकली. सुमारें सोळा टनांचा तो ठोकळा आज शिकागो विद्यापीठाच्या मोटारी उभ्या करण्याच्या इमारतींत आहे. तेथें खरी मोटार दगड होऊन खिळली. तेशींत लांकूड मोटार होऊन प्रवासाला निघतें. एकांत गतीच्या वेडावर टीका आहे, दुसऱ्यांत गतीची आस आहे.

केन क्वेच्या पेट्या १९८९ मध्यें पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनांत मांडल्या गेल्या, आणि १९९२ मध्यें तो वारला. त्याचा शिष्य पा जो यानें आणि पुढें त्याच्या नातवानें हें काम चालू ठेवलें. आतां संग्रहालयांसाठींहि पेट्या होतात. त्या टिकाव्यात म्हणून त्यांना कठीण लांकूड वापरतात. त्या सुंदर असतात, पण रिकाम्या राहतात. किनाऱ्यावरील मोटार मात्र भरलेली जाते. तिचा रंग वाळण्याची वाट घरचीं माणसें दाराशीं पाहत असतात, आणि पुरल्यावर ती पुन्हां कोणाच्याहि दृष्टीस पडणार नाहीं हें सुताराला पहिली फळी कापतांनाच ठाऊक असतें. तरीसुद्धां चाकाची कड तो पुन्हां एकदां घांसतोच.